गेज मागायला जाण्याआधी

मागच्या मृगात एक पोरगं दुकानात आलं. हातात शंभराच्या चार नोटा.

"काका, बाबानं गेज आनाले सांगतला."

"कोन्ता गेज?"

"मले का मालूम? गेज म्हने फक्त."

मूर्तिजापूरपासून थोडं आत, सडकेच्या कडेला माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवी तार भरायचं, दुकान आहे. सव्वीस वर्षं तांब्याच्या तारेत गेली, त्यामुळे गेज म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी तार येते. पण त्या पोराच्या बापाला कुंपणाची तार हवी असेल, ठिबकच्या फिल्टरवरचं काट्याचं घड्याळ हवं असेल, ट्रॅक्टरच्या टॅपेटला लावायचं फिलर गेज हवं असेल, नाहीतर गोठ्यावर टाकायचा पत्रा. सगळ्यांना आम्ही गेजच म्हणतो. पोराला बाकड्यावर बसवलं, बापाला फोन लावला, तर तो लागेना. शेतात रेंज नसते.

असं आठवड्यातून दोनदा होतं. म्हणून आता जो येईल त्याला मी तीन गोष्टी विचारतो, आणि तुम्हीही बाजारात जायच्या आधी त्या स्वतःला विचारून घ्या. कशाचं गेज? नंबर वाढला की वस्तू जाड होते की पातळ? आणि मिलिमीटरमध्ये किती? तिसऱ्याचं उत्तर मिळालं तर पहिल्या दोघांत गडबड झाली तरी निभतं.

तारेपासून सुरू करतो, कारण पोट तिच्यावर आहे.

मोटरची तार आपल्याकडे एसडब्ल्यूजी या इंग्रजी कोष्टकाने मोजतात. ते ब्रिटनमध्ये १८८४ पासून कायद्याने लागू झालं. तार ओढायची म्हणजे जाड सळई भोकातून खेचायची, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान. जितक्या जास्त वेळा ओढाल तितकी तार बारीक आणि नंबर मोठा, अशी ही जुनी रीत. म्हणून १६ नंबर जाड आणि २४ नंबर बारीक. नव्या पोराला हे उलटं वाटतं, पण भोकं मोजतोय म्हटलं की डोक्यात बसतं.

पाठ करायचे आकडे थोडेच आहेत. १६ गेज म्हणजे १.६३ मिमी, १८ म्हणजे १.२२, १९ म्हणजे १.०२, २० म्हणजे ०.९१, २२ म्हणजे ०.७१ आणि २४ म्हणजे ०.५६. अमेरिकेचं कोष्टक वेगळं आहे, त्याला एडब्ल्यूजी म्हणतात. तिथे २० नंबर ०.८१ मिमीचा असतो, म्हणजे जवळपास आपला २१. मोबाइलवर व्हिडिओ पाहून नंबर लिहून आणणारे नेमके इथे फसतात. व्हिडिओवाला कोणत्या देशाचा आहे ते आधी बघा.

यात मी स्वतः कसा फसलो ते सांगतो, कारण दुसऱ्याचं सांगून उपयोग नाही. दुकान टाकून दोनच वर्षं झाली होती. एका शेतकऱ्याची साडेसात एचपीची मोटर आली. जुनी तार १६ गेजची निघाली आणि माझ्याकडे १६ ची रीळ संपलेली. कापसाला पाणी द्यायचं होतं, शेतकरी दारात बसून होता. कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की तीन नंबर खाली गेलं की तांबं निम्मं होतं, म्हणजे एका तारेऐवजी तीन नंबर बारीक अशा दोन तारा घेतल्या की हिशेब बरोबर. मी १९ च्या दोन तारा भरल्या. स्लॉटमध्ये, म्हणजे मोटरच्या खाचांत, छान बसल्या. मी खूश, तोही खूश.

बाराव्या दिवशी मोटर जळाली.

झालं काय, तर तो नियम अमेरिकन कोष्टकाचा. त्यात प्रत्येक नंबर मागच्यापेक्षा सारख्याच प्रमाणात कमी होतो. आपलं इंग्रजी कोष्टक मात्र आमच्या गावच्या सडकेसारखं आहे, कुठे सपाट तर कुठे खड्डा. १९ वरून २२ वर गेलात तर नियम बरोबर बसतो: १९ ची एक तार ०.८१ चौरस मिमी आणि २२ च्या दोन मिळून ०.७९. पण १६ ची एक तार २.०८ चौरस मिमी आणि १९ च्या दोन मिळून फक्त १.६२. पाचातला एक भाग तांबं मी कमी भरलं होतं. करंट तोच आणि वाट अरुंद, मग वाइंडिंग तापणारच. माझ्या खर्चाने मोटर पुन्हा भरून दिली. शेतकरी काही बोलला नाही, पण त्यानंतर माझ्या दुकानात आला नाही. तेव्हापासून मी नंबरावर बदल करत नाही. व्यासाचा वर्ग करतो, तारांच्या संख्येने गुणतो आणि जुन्या-नव्याचा आकडा जुळवतो. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

आता जळालेल्या मोटरची तार मोजायची कशी? मायक्रोमीटर घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत याला स्क्रू गेज म्हणायचे, घ्या, आणखी एक गेज. आधी जबडे नुसते मिटवून शून्य येतं का बघा. तार स्लॉटमधून ओढून काढताना ताणली जाते आणि बारीक होते, म्हणून तुकडा बाहेरच्या वळणाजवळचा घ्या, पण वाकलेल्या जागी मोजू नका. वरचा इनॅमल, म्हणजे तारेवरचं रोगण, उतरवायला पातं घासू नका, तांबंही निघतं. काडीपेटीच्या ज्योतीवर क्षणभर धरा आणि फडक्याने पुसा. मग तीन ठिकाणी मोजा, आणि प्रत्येक ठिकाणी तार फिरवून आडवं-उभं दोनदा. इनॅमलसकट मोजलंत तर पाच ते आठ शतांश मिलिमीटर जास्त येतात, आणि तेवढ्यात एक नंबर चुकतो.

मायक्रोमीटर नसेल तर पेन्सिलीवर तारेचे वीस वेढे एकमेकांना खेटून घ्या, फूटपट्टीने सगळ्या वेढ्यांची लांबी मोजा आणि वीसने भागा. माझा उस्ताद असंच करायचा. त्याचा अंदाज माझ्या मायक्रोमीटरपेक्षा फार दूर कधी गेला नाही.

घरातल्या वायरिंगला आता सगळीकडे चौरस मिलिमीटर आलं आहे, १.५, २.५, ४. ते उत्तम झालं, तिथे मोठा आकडा म्हणजे जाड वायर. पण जुना वायरमन अजून "तीन-बावीस" आणि "सात-वीस" म्हणतो. तीन-बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, सुमारे १.२ चौरस मिमी. सात-वीस म्हणजे २० गेजच्या सात, सुमारे ४.६. पंपाला वायर घेताना हे भाषांतर करून घ्या.

कुंपणाच्या तारेचं कोष्टक हेच. रोही आणि रानडुकरांच्या त्रासाने हल्ली दर दुसरा माणूस काटेरी तार विचारत येतो. "बारा बाय चौदा" म्हणजे लांब तार १२ गेजची आणि काटा १४ चा. १२ म्हणजे २.६ मिमी आणि १४ म्हणजे २ मिमी, असं पुस्तक म्हणतं. बाजारातली तार बहुतेक वेळा पुस्तकापेक्षा बारीक भरते, म्हणून मी गेज विचारतच नाही. एका किलोत किती मीटर येते ते विचारतो. जास्त मीटर येते म्हणाला की समजायचं, तार बारीक आहे.

पत्र्याचंही तसंच. २४ जाड, २८ पातळ. रंगीत पत्र्यात दुकानदार रंगासकट जाडी सांगतो, आणि पावसाला, गारपिटीला तोंड द्यायचं असतं आतल्या लोखंडाला. पडताळा सोपा आहे. एक चौरस मीटर लोखंडी पत्रा एक मिलिमीटर जाड असेल तर वजन ७.८५ किलो. अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर चार किलोला थोडं कमी. सपाट पत्र्याची लांबी-रुंदी मोजा, काट्यावर ठेवा आणि भागाकार करा. नालीच्या पत्र्याला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका, त्याची रुंदी नाल्यांत मुरलेली असते.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, नंबर वाढला की वस्तू पातळ. थांबा. प्लास्टिकमध्ये उलट आहे. पॉलिथिनचं १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन आणि २०० गेज म्हणजे ५०. इथे नंबर वाढला की कागद जाड. संत्र्याच्या रोपांसाठी पिशव्या आणायला गेलेल्या माझ्या चुलत भावाने तारेचा हिशेब लावला, जाड पाहिजे म्हणून छोटा नंबर मागितला, आणि फुंकर मारली तर उडतील अशा पिशव्या घेऊन आला. मल्चिंग पेपर घेताना गेज हा शब्दच काढू नका, मायक्रॉन विचारा.

डॉक्टरांच्या सुईचं पुन्हा तारेसारखं. सलाईनची हिरवी सुई १८ नंबरची, गुलाबी २०, निळी २२ आणि लहान लेकरांची पिवळी २४. बारा बोअरची बंदूकही गेजच आहे, पण तिथे नंबर शिशाच्या गोळ्यांचा: नळीत बरोबर बसेल अशा गोळ्या एका पौंड शिशातून किती होतात? बारा झाल्या तर बारा बोअर. वीस झाल्या तर नळी त्याहून अरुंद.

रेल्वेच्या गेजला जाडी-पातळीशी काही घेणंदेणं नाही. ते नुसतं अंतर. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं, मध्यापासून मध्यापर्यंतचं नव्हे. मूर्तिजापूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. इथे मुंबई-नागपूरची ब्रॉडगेज आहे, १६७६ मिमी. आणि यवतमाळला व अचलपूरला जाणारी आमची शकुंतला ७६२ मिमी, म्हणजे अडीच फुटांची नॅरोगेज. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली, मग डिझेल आलं, आणि आता तिच्या रुळांत बाभळी वाढल्या आहेत. लहानपणी आम्ही रुळावर टेप लावून बघायचो. आतून आतून मोजलं की बरोबर अडीच फूट, बाहेरून मोजलं की प्रत्येक जण वेगळा आकडा सांगायचा आणि मारामारी व्हायची. चाळीस किलोमीटरवर अकोल्याला तेव्हा खांडव्याकडे जाणारी मीटरगेज होती, १००० मिमी. नागपूरची मेट्रो आणखी वेगळी, १४३५. रुंदी बदलली की डबा पुढे जात नाही. कापसाच्या गाठी छोट्या गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवायच्या, ही हमाली त्या दोन आकड्यांतल्या फरकाची.

आता पावसाचं. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, माझी चार एकर सोयाबीन आहे म्हणून.

पर्जन्यमापकाला इंग्रजीत रेन गेज म्हणतात आणि हे गेज खोली मोजतं. जमिनीवर पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, तर किती उंच साचेल ते मिलिमीटरमध्ये. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, आणि एकराला सुमारे ४ हजार लिटर. आपल्या राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. एका साली आमच्या शिवारात नाल्याचं पाणी धुऱ्यावरून गेलं आणि सोयाबीन आडवं झालं. मंडळाचं यंत्र आमच्यापासून लांब, तिथे आकडा ६५ च्या आतच राहिला. आमचा पाऊस कागदावर पडलाच नाही. यंत्र खोटं नव्हतं, ते त्याच्या जागेचं खरं सांगत होतं. पण तेव्हापासून मी माझा पाऊस मी मोजतो. सरकारात तो आकडा चालत नाही, पण फवारणी आणि डवरणी ठरवायला पुरतो.

घरी करायचं असेल तर तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा डबा घ्या. निमुळती बादली चालत नाही. झाडापासून, भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवा. तोंड जमिनीपासून साधारण एक फूट वर असू द्या, म्हणजे मातीचे शिंतोडे येत नाहीत. डबा सपाट जागेवर अगदी सरळ उभा बसवा आणि बाजूने दोन विटा लावा, नाहीतर कुत्रं पाडतं. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी बुडवून मोजा, लिहा आणि ओता. हवामान खात्याची वेळही तीच. आज सकाळी लिहिलेला आकडा काल सकाळपासूनच्या चोवीस तासांचा, हे लक्षात ठेवा. यावरून पारावर लय भांडणं होतात.

डब्यावर नरसाळं ठेवून खाली बाटलीत पाणी जमवत असाल तर पट्टी चालणार नाही, कारण तोंड मोठं आणि बाटली अरुंद. तेव्हा पाणी मिलिलिटरमध्ये मोजा आणि नरसाळ्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. १२७ मिमी, म्हणजे पाच इंच तोंडाचं नरसाळं असेल तर दर १२.७ मिलिलिटरला एक मिलिमीटर पाऊस.

दुपारी त्या पोराच्या बापाचा फोन लागला. ठिबकच्या फिल्टरवरचं प्रेशर गेज गेलं होतं. म्हणजे काट्याचं घड्याळ. आत एक वाकडी चपटी नळी असते, दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ साली काढलेली युक्ती, अजून तीच चालते. पंप बंद केल्यावर काटा शून्यावर आला नाही तर घड्याळ बाद समजा. टिचकी मारून आला तर थोडे दिवस चालेल. पंप थरथरत असेल तर ग्लिसरीन भरलेलं घ्या, काटा नाचत नाही.

फिल्टरला दोन घड्याळं हवीत, एक पाणी आत जाताना आणि एक बाहेर निघताना. एकाच घड्याळाने काही कळत नाही. दोघांतला फरक बघायचा: तो अर्ध्या किलोवर गेला की फिल्टर धुवायला काढा. किलो म्हणजे इथे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, आणि तेवढा दाब पाणी दहा मीटर उंच चढवतो.

एक बारकावा आहे, तो कळला की विहिरीचं कोडं सुटतं. हे घड्याळ शून्य दाखवतं तेव्हाही दाब शून्य नसतो, भोवतालच्या हवेचा असतोच, तोही साधारण एक किलो. घड्याळ फक्त हवेपेक्षा जास्त किती ते सांगतं. पंक्चर झालेल्या चाकात गेज शून्य, पण आत हवा आहेच. विहिरीवर बसवलेला पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, खरं तर हवाच ते पाणी वर ढकलते, आणि तिची ताकद दहा मीटरची. पाइपातली घासण वगैरे वजा जाता सात मीटरच्या खाली पाणी गेलं की पंप नुसता गरगरतो. वैशाखात दर वर्षी कोणीतरी मोटर खराब झाली म्हणून माझ्याकडे आणतं. मोटर ठणठणीत असते, पाणी खाली गेलेलं असतं.

धर्मकाट्याच्या खालीही गेज असतं, हे मला एका काटा दुरुस्त करणाऱ्याने दाखवलं. लोखंडाच्या ठोकळ्यावर नागमोडी रेघांची नखाएवढी पट्टी चिकटवलेली. त्याला स्ट्रेन गेज म्हणतात. ट्रक चढला की लोखंड डोळ्याला दिसणार नाही इतकं दबतं, पट्टीची तार दबते-ताणते आणि तिचा रोध बदलतो. त्या बदलावरून वजन. कापूस घेऊन गेलात तर गाडी चढायच्या आधी आकडा शून्य आहे का बघा. शंका असेल तर गाडी एकदा काट्याच्या या टोकाला आणि एकदा त्या टोकाला उभी करायला लावा. आकडा फार बदलला तर खालची एखादी सेल, म्हणजे पट्टीवाला ठोकळा, आजारी आहे.

माझा भाचा अमरावतीला एम.एस्सी. करतो, फिजिक्समध्ये. दिवाळीत म्हणाला, "मामा, माह्या प्रोजेक्टातही गेजच हाये." मी म्हटलं, कोन्तं, इंग्रजी का अमेरिकन? तो हसला. मग त्याने तारेवरच्या पाखराचं उदाहरण दिलं, ते मला पटलं. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर पाखरू बसतं आणि मरत नाही, कारण दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर. काम करतो तो फरक. जमिनीला शून्य म्हणायचं हे आपण ठरवलेलं. सगळीकडे शंभर वाढवून लिहिलं तरी मोटर तेवढीच फिरेल. शून्य कुठे धरायचं याची ही मोकळीक, तिला ते गेज म्हणतात. १९१८ साली हरमान वाइल नावाच्या जर्मन गणितज्ञाने मापपट्टी जागोजागी बदलली तर काय होईल असा विचार केला, आणि मापाचा तो शब्द तिथून पुढे चिकटून राहिला. त्यापुढचं भाच्याने सांगितलं ते माझ्या डोक्यावरून गेलं. पण प्रेशरचं घड्याळ हवेला शून्य धरतं आणि वायरमन जमिनीला, एवढी जोड मला लागली.

तर त्या पोराला मी प्रेशरचं घड्याळ काढून दिलं. चार किलोपर्यंतचं, ग्लिसरीनवालं, काटा शून्यावर आहे का हे त्याच्या डोळ्यादेखत बघून. दुसरं घड्याळ ठीक आहे का तेही बापाला फोनवर विचारलं. पोरगं सायकलवर गेलं.

तासाभराने परत आलं. घामाघूम.

"काका, बाबा म्हनते आटे बसत नाहीत. त्याले पाव इंची पाह्यजे होता, तुमी अर्ध्याचा देल्ला."